आईची खिडकी

कशेळी, ता. भिवंडी
२२ एप्रिल १९७६

चि. सावळाराम यास थोरला भाऊ चांगदेव याचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. (तुझ्या वहिनीची, हौसेची, कंबर धरली आहे, माझ्याकडचे लूम निम्मे बंद आहेत, म्हैस आटली, तरी खुशालच लिहायचं असतं म्हणून लिहितो.) लंडनची थंडी तुला मानवत असणारच. एवढ्या वर्षांत ऊन खायला म्हणूनसुद्धा तू इकडे फिरकला नाहीस.

सूनबाई नोकरीला जाते, पोर सांभाळायला माणूस मिळत नाही, तेव्हा तुला आईची आठवण झाली. कशानं का होईना, झाली. तिकिटाबरोबर तू दोन पानं भरून कळवलंस की लांबच्या विमानात सगळ्यांत चांगली जागा वाटेकडेची, संडासाजवळची. म्हातारीला उठबस सोपी. वाचून मन भरून आलं. बाबा गेले तेव्हा तुला विमानात एकही जागा मिळाली नव्हती, आणि आता जागांचं केवढं हे ज्ञान! पण आईला हवी होती खिडकी. "मना आपला घर वरशी बगाचा हाय," एवढाच तिचा हट्ट. एवढ्या घरांत आपलं चुकायला नको म्हणून तिनं आपलं हिरवं लुगडं हौसेकडून कौलांवर पसरून घेतलं, वर दगड ठेवले. नातवाचे लाड करून भाताच्या आवणीआधी परत येते, असं साऱ्या आळीला सांगून निघाली.

आमच्या कारखान्यातला नवशा (जो जन्मात ठाण्यापलीकडे गेलेला नाही) तिला बजावत होता, "चाकावरची शीट नको घेव आये, हादरं बसतान." एस.टी.चा अनुभव तो! पण निदान तो पोचवायला आला, हे तुझ्यापेक्षा बरं.

सांताक्रूझला काउंटरवरच्या बाईनं विचारलं, विंडो की आइल? आता सावळाराम, ज्याचा जन्म लूमला तेल पाजण्यात गेला त्याच्या कानाला आइल म्हणजे ऑइलच. मला वाटलं, पिशवीचा वास आला. (त्यात कोळंबीच्या लोणच्याची बरणी होती. मागितली कोणी? तूच.) मी ठासून सांगितलं, "ऑइल बिलकुल नही मॅडम, सिर्फ अचार है!" मग काय, तिनं बरणी बाहेर काढायला लावली, मागचे लोक माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडलो, आणि या गडबडीत विंडो म्हणायची राहूनच गेली. मागे उभ्या सरदारजींनी बाईनं दिलेलं जागेचं कार्ड वाचून सांगितलं, "बीचवाली है, माँजी." म्हणजे मधल्या रांगेत, माणसांच्या मध्ये. ना तुझी वाट, ना तिची खिडकी. दोन पानं लिहिलीस त्यात 'वाटेकडेची'ऐवजी 'आइल' हा एक शब्द लिहिला असतास तर? पण नाही, घरच्यांशी तेवढं शुद्ध मराठी!

आईनं पदर सारखा केला आणि आत गेली. इकडे हौसा आणि आळीतल्या बाया संध्याकाळपर्यंत दिसेल त्या विमानाला हात हलवत होत्या. मला तुझा राग आला आहे, तो असा आडून लिहिता येत नाही म्हणून सरळ लिहिला. सूनबाईस आशीर्वाद, बाळाचा गोड पापा. बरणी मी घरी आणून संपवली.

तुझा,
चांगदेव

ता. क. नवशाला विमानतळावरचा एक हमाल म्हणाला, लंडनचं विमान उठतं ते थेट समुद्रावर जातं, कशेळी वाटेतच लागत नाही. म्हणजे खिडकी मिळूनही तिला पाणीच दिसलं असतं. हे आईला सांगू नकोस. तिचं विमान आम्हाला घरावरून जाताना दिसलं, असं सांग.

आणखी एक ता. क. निघताना मी त्या काउंटरवरच्या बाईला म्हटलं, परतीला तरी खिडकी लिहून ठेवा. तिनं तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, यात परतीचं नाहीच. आई पलीकडे गाठोडं बांधत होती, तिनं ऐकलं नाही. मी आळीत कोणाला बोललो नाही, हौसेलाही नाही. ती कौलांवरचं लुगडं कोणाला काढू देत नाही. म्हणते, "येताना बगतील ना आई." तेव्हा सावळ्या, परतीचं तिकीट काढ. जागा कुठलीही चालेल. संडासाजवळचीसुद्धा.