अण्णाचा खोकला

५ फेब्रुवारी

पुन्हा खोकतोय! पाणी प्यायला की खोकला, बेल वाजली की खोकला, मला बघून आनंद झाला तरी खोकलाच. एवढासा पॉमेरेनियन, आणि आवाज एखाद्या पेन्शनराचा. म्हणून तर अण्णा नाव पडलं. बेवारस कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेची ताई त्याला आणून सोडताना म्हणाली होती, "चांगलं घर मिळेपर्यंत ठेव गं. फार तर पंधरा दिवस." ते पंधरा दिवस कधीच उलटले.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे नेलं. श्वासनलिका चपटी पडते म्हणे, या लहान जातींत असतंच हे. गळ्यात पट्टा नको, छातीला बांधायचा. वजन वाढू द्यायचं नाही. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून साहेब मधूनच लंगडी घालतात. तोंड इवलंसं आणि दात मोठ्या कुत्र्याइतकेच – दाटीवाटीनं किडलेत, काही काढावे लागणार. पैदास करणाऱ्यानं पिल्लं विकून पैसे केले आणि हा खोकायला लागल्यावर दिला रस्त्यावर सोडून. मेला!

डॉक्टर म्हणाले, "यानं मरत नाही. सांभाळावं लागतं इतकंच." तरी घरी येईपर्यंत मी त्याचे श्वास मोजत होते.

१० फेब्रुवारी

एक जोडपं अण्णाला बघायला आलं. हा सरळ त्या बाईच्या मांडीवर चढून बसला – फितूर! मी सगळं सांगितलं. श्वासनलिका, वाटी, दात. खोकताना जीभ निळी पडते, हेही. (एकदाच पडली होती. तीही जराशी.) नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. चहा अर्धा टाकून गेले.

खोटं काही बोलले नाही मी. आजारी जीव दुसऱ्याच्या पदरात घालायचा तर लपवायचं कशाला?

११ फेब्रुवारी

दुकानात लक्षच नाही. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला.

१६ फेब्रुवारी

आज बाप-लेक आले. तेही गेले. धाकटा भाऊ आतून ऐकत होता. "अगं, तू कुत्रा दाखवतेस की घाबरवतेस? दुकानातही असंच सांगतेस का – चष्मा घ्या, पण डोळे जाणारच आहेत तुमचे?"

मग ताईचा फोन. "तुलाच ठेवायचाय का? तसं सांग, तुझ्या नावावर करते."

मी म्हटलं, छे! आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, कसा ठेवणार?

मग आलेल्यांना पळवून का लावतेस, असं तिनं विचारलं नाही. नशीब.

१७ फेब्रुवारी

हवाय तो मला. झालं, लिहिलं एकदाचं! पण मी दुकानात असताना दम कोंडला तर? कुलपाआड एकटा तडफडेल. नकोच. नकोच.

२१ फेब्रुवारी

एक निवृत्त नर्सबाई आल्या. मी माझं नेहमीचं सुरू केलं. त्यांनी मधेच हात वर केला. "अहो, माझे सासरे खोकत खोकत नव्वदीला पोचले. याचं काय घेऊन बसलात!"

पिशवीतून छातीचा पट्टा काढला. स्वतः शिवलेला, ताईकडून आधीच माप घेऊन! मग खाली फरशीवर बसल्या आणि अण्णाच्या छातीला कान लावून ऐकत राहिल्या. दिवसभर घरातच असतात म्हणे. मी डॉक्टरांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले.

२३ फेब्रुवारी

गेला. गाडीत बसताना मागे वळूनही पाहिलं नाही, चोर!

धाकट्यानं त्याचं भांडं धुऊन माळ्यावर टाकलं. मी परत खाली काढलं.

२ मार्च

रोज ताईला फोन करते. रोज एकच – "खोकला कसा आहे?" आज वैतागली ती. "अगं, सुखानं जगू दे की त्याला!"

जगतोय ना, तेवढंच तर विचारतेय मी.

८ मार्च

आज ताईनंच फोन केला. तिकडे खोकला जवळजवळ थांबलाय. डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय – आधीच्या घरात सिगरेट कोण ओढायचं?

मी म्हटलं, "कोणी नाही."

फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन एक पेटवली. रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊनच ओढायचे मी.