दोन सर्व्हर, एकच नंबर

४ मार्च, सकाळी ९.४०
डॉक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या लॅबची शाखा इथून दोनशे ऐंशी किलोमीटरवर. तिथल्या तपासण्यांचे आकडे तिथल्या सर्व्हरवर राहतात, सही मात्र मॅडमची लागते. म्हणून शाखेतल्या टेक्निशियन ताई रोज संध्याकाळी फाइल ईमेल करतात आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी निघतो. आता दोन्ही सर्व्हर व्हीपीएनने जोडायचे. इंटरनेटमधूनच जाणारी, पण फक्त आपल्यापुरती बंद वाट. बाहेरची एजन्सी बोलवू का, असं मॅडमनी विचारलं. एकोणीस वर्षं इथली सिस्टीम मी एकट्याने ओढली, एजन्सी कशाला? दहा दिवस मागितले. चार पुरेत.

४ मार्च, दुपारी
धाकट्या भावाला फोन. आई त्याच्याकडे असते, शाखेच्याच गावात. किडनीच्या दुखण्यामुळे दर पंधरवड्याला तिचं रक्त तपासतात. म्हटलं, आता रिपोर्ट थांबायचा नाही, तुझा दादा रस्ता बांधतोय. तो म्हणाला, 'दादा, त्यापेक्षा एकदा येऊन जा.' काम उरकलं की जाणारच आहे.

७ मार्च
मॅन्युअल चाळलं. सुरुवातीची चाळीस पानं नवशिक्यांसाठी. सोडली.

१० मार्च
चार दिवस कधीच उलटले. दोष राउटरचा.

१२ मार्च, सकाळी ११
जमलं. शाखेच्या सर्व्हरचा नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, टाकला आणि त्याच क्षणी उत्तर आलं. इतकं चटकन, की शाखा शेजारच्या खोलीत आहे असं वाटावं. मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर कौतुक केलं. ईमेलची जुनी पद्धत तिथल्या तिथे बंद केली. अर्धवट काम मला खपत नाही.

१२ मार्च, दुपारी ४
ताईंचा फोन. फाइल पाठवली की 'पोचली' असं येतं, पण ती त्यांच्याच सर्व्हरवर पडलेली दिसते म्हणे. वर मलाच विचारतात, 'सर, दोन्हीकडच्या सर्व्हरचा नंबर एकच आहे. चालतं का तसं?' हसू आलं. दोन्ही नंबर मीच दिलेत, लक्षात ठेवायला सोपं म्हणून. म्हटलं, पोचली म्हणजे पोचली. तुम्ही रक्त काढा, सर्व्हर माझ्यावर सोडा. 'बरं सर' म्हणाल्या. तरी उद्या सकाळी एक नजर टाकेन.

१३ मार्च, दुपारी १
नजर टाकायची राहिली. स्टाफ मीटिंगमध्ये जोडणीवर बोलायचं होतं, त्याचे मुद्दे काढत होतो. बोलणं चांगलं झालं. मध्येच धाकट्याचा फोन दोनदा आला, कापला. त्याला वेळकाळ कळत नाही.

१३ मार्च, दुपारी ३.१५
आईचं रक्त काल सकाळी घेतलं होतं. पोटॅशियम भलतंच वाढलेलं, हृदयाला धोका होईल इतकं. ताईंनी 'तातडीचं' अशी खूण करून आकडा काल दुपारीच पाठवला. तो मॅडमपर्यंत आलाच नाही. तिकडचे डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसले. आज दुपारी आई खुर्चीतून उठताना कोसळली, तेव्हा त्यांनी शाखेत फोन केला आणि ताईंनी मॅडमना तोंडी आकडा सांगितला. आई अतिदक्षता विभागात. डायलिसिस चालू आहे.
पोटॅशियम काही व्हीपीएनमुळे वाढत नाही. हे धाकट्याला शांतपणे समजावलं पाहिजे.

१४ मार्च
एजन्सीचा माणूस आला. खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नाही त्याने. म्हणाला, दोन्हीकडे नंबर एकच. तुम्ही आपल्याच सर्व्हरला हाक मारत होतात आणि तोच ओ देत होता. तिकडेही तेच. माझ्याही मनात हेच येत होतं. तसं मी म्हणालोही. मॅडमनी शाखेला फोन लावून त्याच्या हातात दिला. शाखेतले नंबर ताईंनी बदलले, त्या माणसाला फोनवर विचारत विचारत, वीस मिनिटांत. फोनवर सांगणारा असला की कोणालाही जमतं.

१६ मार्च
आईला वॉर्डात हलवलं, असं ताईंकडून कळलं. धाकट्याला विचारलं, येऊ का? 'आता नको,' म्हणाला आणि फोन ठेवला. ही म्हणाली, 'विचारत काय बसता, गाडीत बसा.' हिला काय सांगायचं. नवी जोडणी अशी वाऱ्यावर टाकून निघता येत नाही.

१९ मार्च
जोडणी उत्तम चालू आहे. माझी कुणाला गरज लागली नाही. रविवारी नक्की जातो.

२५ मार्च
रविवारी पाठ धरली होती. आज मॅडमनी कामं बदलली. दोन्हीकडची सिस्टीम ताई तिथूनच बघणार. वाटच तयार झाल्यावर माणूस कुठेही बसला तरी चालतो, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे एका अर्थी माझ्याच कामाची पावती. मला रिपोर्ट देण्याचं काउंटर. लोकांशी बोलायला कोणीतरी जाणतं माणूस हवंच होतं. हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.
धाकटा फोन उचलत नाही.

३० मार्च, सकाळी ११.३०
आज आईची तपासणी. मॅडमची सही झालेली इथून दिसली. काउंटरच्या कॉम्प्युटरवर आईचं नाव टाकलं, तर रिपोर्ट उघडायची मला परवानगी नाही. ताईंना फोन केला. नेहमीसारख्याच मऊ बोलल्या. आई बऱ्या आहेत, चालत आल्या होत्या, म्हणाल्या. पण फॉर्मवर नाव असलेल्या नातेवाइकालाच रिपोर्ट देता येतो. मी म्हटलं, अहो, मी थोरला मुलगा. त्यांनी फॉर्म पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, 'सर, आईंनी स्वतः फॉर्म भरलाय. त्यात एकच मुलगा लिहिलाय.'
घाईत राहून गेलं असेल.