लिन डॉक्टरांचे शब्द

अकोला, ता. ३ डिसेंबर १९५६

ती. दादांस चारूचा सा. न. वि. वि.

तुमच्या शाळेत चिनी पाहुणे येणार म्हणून तुम्ही नमस्काराचे शब्द मागवलेत. तुमचं पत्र घेऊनच शेजारच्या दातांच्या डॉक्टर लिनांकडे गेले. ‘नी’ म्हणजे तुम्ही, ‘हाव’ म्हणजे बरे. पण सपाट म्हणायचं नाही. ‘नी’ वर चढवायचा, ‘हाव’ खाली नेऊन उचलायचा. आभाराला ‘शिए-शिए’, जोर पहिल्यावर. ओळखीचं कुणी भेटलं की ‘छ्र ल मा’, म्हणजे जेवलात का! माझे उच्चार ऐकून लिनबाई हसून हसून खाली बसल्या. डॉक्टरांनी तुमच्या पत्राखालीच चिनी अक्षरं गिरवून दाखवली नि तुमचं अक्षर सुरेख आहे म्हणून पत्र ठेवूनच घेतलं.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची चारू

अमरावती, ता. २० डिसेंबर १९५६

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

पोरांनी कमाल केली! पाहुणे उठून टाळ्या वाजवू लागले. हेडमास्तरांनी विचारलं, चिनी कुठं शिकलात? मी पुस्तकावरून म्हणालो. लिनांचं नाव राहूनच गेलं. त्यांना वरूडची संत्री पाठवतो आहे.

असाच जीव लावत राहा.
दादा

अकोला, ता. ३० नोव्हेंबर १९६२

ती. दादांस सा. न.

चीनशी लढाई झाली म्हणून काल पोलीस लिन डॉक्टरांना आणि बाईंना घेऊन गेले. झडतीत तुमचं ते पत्र सापडलं. त्यातले शब्द हेरगिरीची खूण आहेत म्हणे. मी सांगायला गेले, तर जमादार म्हणाला, बाई, जेवले काय हे चिनीत कावून शिका लागते? मी जबाब दिला, पण तो कोण मानतो? पत्र तुमचं आहे. शाळेसाठी शब्द मागवले होते, एवढी एक ओळ लिहून द्या. पाया पडते.

चारू

अमरावती, ता. ६ डिसेंबर १९६२

चि. सौ. चारुशीलेस आशीर्वाद.

पोलीस इथंही आले होते. ते अक्षर माझं नाही, असं मी सांगितलं. जानेवारीत मी हेडमास्तर होतो आहे. पोरीचं, अनुपमाचं, लग्न व्हायचं आहे. तू यात पडू नकोस. हे पत्र वाचून जाळ.

हेमचंद्र

अकोला, ता. २५ ऑक्टोबर १९६४

श्री. हेमचंद्र यांस,

लिन डॉक्टर परवा सुटून आले. एकटेच. राजस्थानातल्या छावणीत दुसऱ्या हिवाळ्यात बाई गेल्या. दवाखान्याला दुसऱ्याचं कुलूप आहे, म्हणून आमच्याकडे उतरले आहेत.

चहा पुढे ठेवला, तर आधी त्यांनी तुमचीच चौकशी केली. माझ्यामुळं तुमच्या भावावर काही बालंट तर आलं नाही ना, म्हणाले. काही आलं नाही, ते हेडमास्तर झाले, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, ते वारले.

डॉक्टर उभे राहिले. मान खाली घालून बराच वेळ उभेच होते. चहा निवून गेला.

भाऊबीजेला येऊ नका.

चारुशीला