मी औषध घेते, आबा

आबा, काल एक मे होता. डिलाईल रोडच्या आपल्या चाळीत मंडप घातला होता आणि जुनी माणसं म्हणून आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. एक तरुण वक्ता छाती ठोकून सांगत होता, की संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्या त्या पिढीला भीती म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. तुमचाही उल्लेख झाला, गिरणीतला वाघ म्हणे. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईंना म्हटलं, "मी त्याच पिढीची. मला भीती चांगली माहीत होती. तिच्यासाठी तेव्हा औषध घेत होते, अजून घेते." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हळू बोला." ऐंशी ओलांडली तरी मला हळू बोलायला सांगणारं कुणीतरी भेटतंच. मग घरी आल्यावर वाटलं, हे तुम्हालाच लिहावं, कारण हळू बोलण्याचा पहिला धडा तुमचा.

हळू तरी कसलं, बिनआवाजाचं. तुम्ही गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचात. त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून कापड विणणारी सगळी माणसं नुसत्या ओठांनी बोलायची. ती सवय तुम्ही घरीही आणलीत. पाहुणा आला की त्याच्या पाठीमागून आईला ओठांनीच विचारायचात, साखर आहे का? आई ओठांनीच सांगायची, नाही. मला सगळं वाचता यायचं आणि पाहुण्यासमोर हसू आवरता आवरता पुरेवाट व्हायची. एरवी तुमचा आवाज म्हणजे तिन्ही मजल्यांना पुरणारा. सभेला कर्णा मिळाला नाही तर लोक तुम्हाला बोलवायचे. अभिमानाचं ते मोठ्याने आणि लाजेचं ते ओठांनी, असा आपल्या घरचा कायदा होता.

मी तेव्हा लालबागला बालवाडीत शिकवत होते. एके दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता म्हणून मुलांना लवकर सोडलं आणि घरी यायला निघाले. करी रोडच्या पुलावर असताना पुढे अश्रुधुराची नळकांडी फुटली, माणसांचा लोंढा उलटा फिरला आणि मी कठड्याला दाबली गेले. श्वास घेता येईना. कुणीतरी मला ओढून बाहेर काढलं आणि घरी पोचवलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. संध्याकाळी तुम्ही त्याच मोर्चातून आलात, डोळे लालभडक, सदरा फाटलेला, आणि स्वारी खुशीत. आईने धुरावर उतारा म्हणून कांदा कापून तुमच्या नाकाशी धरला होता आणि तुम्ही हसत होतात. मी कोपऱ्यात बसून थरथरत होते.

ती थरथर थांबलीच नाही. उंबऱ्यापाशी गेलं की छातीत धडधड, हाताला घाम, डोळ्यांपुढे पूल. गिरणीचा भोंगा झाला तरी हातातलं भांडं पडायचं. नळावर जाणंही बंद झालं. बालवाडीच्या बाईंनी निरोप पाठवला, की महिनाअखेरपर्यंत वाट बघू, मग दुसरी मुलगी ठेवावी लागेल. शेवटी आईने लालबागच्या डॉक्टरीणबाईंना गयावया करून घरी आणलं. त्यांनी नाडी बघितली आणि म्हणाल्या, "भीतीचंही औषध असतं. घे, आणि मधेच बंद करू नकोस."

गोळ्यांनी धडधड खरोखर उतरली. आणि मग कळलं की तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. भीती होती तोवर निदान मी जागी होते. ती ओसरल्यावर नुसता काळोख उरला. वेणी घालायला हात उठत नव्हते. पानातला भात निवून जायचा. घरात कुणी गेलं नव्हतं, तरी मी सुतकात बसल्यासारखी बसून असायचे. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी औषधांची बॅग उघडली आणि पुन्हा मिटली. मग म्हणाल्या, "धडधडीची गोळी माझ्याकडे आहे, ह्याची नाही. ती निघेल तेव्हा निघेल. तोवर रोज एक काम करायचं, मन लागो न लागो." मी पिण्याच्या पाण्याची कळशी घासायचं काम घेतलं. कधी कधी तिला हात लावायला दुपार व्हायची. पण घासायचे.

तुम्हाला हे काहीच पटत नव्हतं. एका सकाळी पाळीवर निघताना तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. "कामगाराचा चेडू तू! सगळो मुलूख रस्त्यार उतरलो हा, आणि तू भिंतीक तोंड करून बसलंस! ह्यो गोळ्यो खाऊन माणूस येडो होतलो." आणि बाटली उचलून गॅलरीतून खाली भिरकावलीत. आई किंचाळली, "अहो, काय केलात ह्या!" मी कठड्यावरून वाकून पाहिलं. गटाराच्या पाण्यात गोळ्या विरघळत होत्या.

तुम्ही निघून गेलात. मला राग आला, आबा. इतक्या दिवसांत काही वाटण्याची ती पहिलीच वेळ, आणि वाटलं काय तर राग. वाघ आहात तर असा, पण मी येडी होणार की नाही हे तुम्ही कोण ठरवणार? मी चपला घातल्या. आई म्हणाली, "मी येतंय." मी म्हटलं, "नको." आणि तशीच, न विंचरलेल्या केसांनी, लालबागच्या दिशेने चालायला लागले.

पुलाच्या मध्यावर पोचले आणि पुढे जाता येईना. मी कठड्याला धरून खाली बसले. माणसं बाजूने जात होती. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण थांबली. "काय गो, काय झाला?" मी म्हटलं, "मला भीती वाटते." मोठ्याने, भर पुलावर, परक्या बाईला. ती म्हणाली, "मंग पदर धर माझा. टोपली हाय, हात न्हाय देता येत." मी तिचा ओला पदर मुठीत धरला आणि तिच्या मागून चालत पूल उतरले. खाली पोचल्यावर तिने मागे वळून "सोड आता" म्हटलं, आणि ती बाजाराकडे गेली. दवाखान्यात हाताला माशांचा वास येत होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एकटी आलीस? पुलावरून? मग आता गोळ्या कशाला हव्यात?" त्या थट्टा करत होत्या, पण मी थट्टा कळण्याच्या पलीकडे गेले होते. मी म्हटलं, "हव्यात. आणि पुन्हा टाकल्या तर पुन्हा येईन."

दुसऱ्या दिवशी ऐन नळाच्या वेळी मी फुलपात्र घेऊन गॅलरीत उभी राहिले आणि सगळ्या बायांसमोर गोळी गिळली. "कसला गो औषध?" एकीने विचारलंच. "भीतीचं," मी म्हटलं. आभाळ कोसळलं नाही. नळाचं पाणी गेलं तेवढं, आणि त्याबद्दल मात्र खूप आरडाओरडा झाला. महिना संपायच्या आत मी बालवाडीत परत गेले. काळोख बरोबर होताच. त्याला घेऊनच मुलांची गाणी म्हटली.

तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग तो दिवस. तुम्ही गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभे आहात, मोर्चाला निघालेल्या माणसांच्या घोळक्यात, हातात झेंडा. त्यांच्या खांद्यांवरून माझ्याकडे बघता आणि तुमचे ओठ हलतात. आवाज नाही. "औषध घेतलंस?" साखर आहे का विचारावं तसं. मला कळलं की तुम्ही काळजीने विचारताय, आणि हेही कळलं की लपवून विचारताय. मी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडले, "घेतलं!" सगळी माणसं वळली. तुम्ही झेंड्याची काठी नीट करत राहिलात.

त्यानंतर तुम्ही होतात तोवर रोज विचारलंत, आणि एकदाही मोठ्याने नाही. ह्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. माझ्यासाठी स्थळं आली तेव्हा मी आधीच सांगायचे, मी औषध घेते. काही चहा न पिताच उठली. एकाने विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?" त्याच्याशी मी लग्न केलं. पुढे काळोखाचीही गोळी निघाली. तीही घेते. काळोख तरी येतो अधूनमधून. आला की कळशी घासते. आता ती स्टीलची आहे आणि नळ घरात आहे, एवढाच फरक.

हे पत्र टाकायला पेटी नाही. लिहिलं ते माझ्यासाठीच. काल मंडपात मोठ्याने बोलले, उद्याही बोलेन, आणि कुणी "हळू" म्हटलं तर आणखी मोठ्याने. पण एक सांगून टाकते. साच्यांच्या खडखडाटाने तुमचे कान गेले होते हे आम्हाला फार उशिरा समजलं. त्या दिवशी गॅलरीत माझं ओरडणं चाळीने ऐकलं, तुम्हाला ते ऐकूही गेलं नसेल. तुम्ही माझे ओठ वाचलेत. म्हणून रोज सकाळी गोळी घेतली की मी खिडकीशी जाते आणि ओठ नीट उघडून, आवाज न काढता म्हणते, घेतलं, आबा.