‘शेवेर’ कोणाला दिला

३ मार्च
सरांनी ‘शेवेर’ हा शब्द टिपण लिहायला तिला दिला! अकरा वर्षं मी या कोशात बायबलमधले हिब्रू शब्द उलगडत बसलेय, आणि तो मिळाला कोणाला — तर सहा महिन्यांपूर्वी आलेल्या नवीला. शेवेर म्हणजे मोडणं, भंगणं. असा शब्द आयुष्यात एकदा मिळतो. मला काय दिलं? ‘तंबूची खुंटी’ हा शब्द!
सर महिनाअखेरीस निवृत्त होणार. संपादकाची खुर्ची कोणाकडे जाणार, ते दिसतंच आहे.

४ मार्च
जळफळाट होतोय. इथे लिहून टाकते, म्हणजे तोंडावर दिसणार नाही. बहीण फोनवर म्हणते, “अगं, एक शब्द तर आहे!” तिला काय कळणार, कप्पाळ.

९ मार्च
नवीचे वडील मोडलेली हाडं बसवायचे म्हणे. जेवताना सांगत होती — “ताई, हात मोडला तरी शेवेर, भिंत कोसळली तरी शेवेर, अख्खा समाज उद्ध्वस्त झाला तरी शेवेरच. आधी धड असलेलं काहीतरी लागतं.” मी म्हटलं, “हे कुठल्याही कोशात सापडेल.” नाही सापडणार. मला माहीत आहे.
“आणि बायबलमध्ये एका जागी संदेष्टा भडकतो तो मोडणाऱ्यांवर नाही,” ती म्हणाली, “वरवर पट्टी बांधून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्यांवर. आमचे बाबाही त्या संदेष्ट्यासारखेच! हाड वाकडं जुळलेलं दिसलं की म्हणायचे, आता परत मोडावं लागणार.”
अकरा वर्षांत हे मला का नाही सुचलं?

१७ मार्च
उद्या कोशमंडळापुढे टिपणांचं वाचन; नवा संपादक तेच मंडळ निवडणार. आमची रीत अशी, की लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. कोणी कोणाचं वाचायचं, त्याच्या चिठ्ठ्या काढतात; कधी स्वतःचंच हाती येतं. तिचं टिपण माझ्या वाट्याला आलं! वा रे नशीब.

१८ मार्च
रटाळ वाचायचं ठरवून गेले होते. दुसऱ्याच ओळीला आवाज लागला. काय लिहिलंय कार्टीनं! शेवटपर्यंत एका दमात वाचलं.
मंडळाच्या अध्यक्षीणबाई उठून आल्या. माझे दोन्ही हात धरले. “हे तुमचंच ना? दुसऱ्याचं कोणाला असं वाचता येत नाही.”
मी म्हटलं, “हो.”
नवी दोन खुर्च्या पलीकडे बसली होती. सर समोर. दोघांनीही ऐकलं.

१९ मार्च
नवीनं चहा आणून दिला. “घ्या, ताई.” रोजच्यासारखंच. अगं, भांड तरी!

२० मार्च
खुर्ची मला मिळाली. बहिणीला कळवलं नाही.

२४ मार्च
सरांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं — ते टिपण माझं नव्हतं.
“शब्द मीच वाटतो ना, बाई,” सर म्हणाले. “तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं. सहा दिवस वाट पाहिली. तीही पाहत होती.”
“होती?”
“आज सकाळी काम सोडून गेली. आता सगळे शब्द तुझेच.”