उणे गळती

६ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी चष्मा शोधला असशील आणि मग 'आज कशी काय आठवण झाली बयेला' असं म्हणाली असशील. म्हण बाई, तुझा हक्कच आहे. चार वर्षांत मी फोनवर तुला फक्त तब्येत विचारली, तीही तीन मिनिटांत उरकली. तुझ्याकडे यायचं तर दर सुट्टीत ठरवलं आणि दर सुट्टीत काहीतरी निघालं.

इकडे सगळं ठीक. तुझा भाचा माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय आणि घरातलं प्रत्येक दार पायाने उघडतो. ह्यांची कंबर अधूनमधून धरते, पण ती बाजारात जायच्या वेळीच धरते असं माझं निरीक्षण आहे. शिक्षण खात्याची आमची आकडेवारी शाखा आता चौथ्या मजल्यावरून तळघरात आणलीय. खिडकीतून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात. साहेबांचे बूट करकरतात, त्यामुळे आम्हाला कामात गढून जायला पुरेसा वेळ मिळतो.

कामाबद्दल थोडं सांगायचंय. सरकारी शाळांची नवी यादी झाली आहे. दहावीच्या मार्कांची सरासरी काढायची, शाळा वरपासून खालपर्यंत लावायच्या आणि तळाच्या अकरा शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत पाठवायची, अशी ती पद्धत. चार वर्षांपूर्वी आपली शाळा याच पद्धतीने गेली. सव्वीस तारखेला, गुरुवारी, बैठक आहे. त्या दिवशी सही झाली की नव्या वर्षात अकरा शाळांना कुलूप. आणि ताई, माझी खात्री झालीय की ही पद्धतच चुकीची आहे. मला ती सही थांबवायचीय.

गेला महिनाभर हे तक्ते बघतेय आणि डोळ्यांपुढे सारखी आपली शाळा येतेय. पत्र्याचं छप्पर, आणि मागच्या बाजूचा तो एकुलता एक नळ, ज्याच्यामुळे मधल्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग ओला बसायचा. तू सातवीत होतीस, मी पहिलीत. माझं दप्तर तुझ्या खांद्यावर आणि तुझी वेणी माझ्या मुठीत, अशी आपली वरात निघायची. मी खडू खाते हे तुला कळलं तेव्हा आईला सांगीन अशी धमकी देऊन तू महिनाभर माझ्याकडून वर्गाचा फळा पुसून घेतलास. वरून मलाच 'खडू' नाव पाडलंस. अख्खी शाळा मला खडू म्हणायची, अगदी मोठ्या बाईसुद्धा!

मोठ्या बाई फार आठवतात गं. एवढी मुख्याध्यापिका, पण हजेरी झाली की स्वतः वर्गावर्गांत जाऊन गैरहजर मुलांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात कारण लिहायच्या. 'चप्पल तुटली.' 'घरी बाळ झालं.' 'बापाशी भांडून काकाकडे.' कारण माहीत नसलं तर जागा मोकळी ठेवायच्या आणि शाळा सुटल्यावर त्या घरी जाऊन दार वाजवायच्या. पुढे तू तिथेच शिकवायला लागलीस, मग त्यांच्याच खुर्चीत बसलीस आणि पेन्सिलही तशीच चालू ठेवलीस. तपासणीला आलेले साहेब तुझ्यावर उखडले होते, "बाई, हे सरकारी रजिस्टर आहे, तुमची डायरी नाही." तू म्हणालीस, "मग पोरं कुठे गेली ते तुमच्या कोणत्या रकान्यात लिहू, तेवढं सांगा." हा किस्सा मी अजून ऑफिसात सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ होते.

तर मुद्दा असा. शाळा बंद झाली तेव्हा रद्दीत निघालेली रजिस्टरं तू हातगाडीवर घालून घरी नेलीस. ती आहेत ना अजून? मला शेवटच्या पाच वर्षांची नववीच्या प्रवेशाची हवीत, ज्यात 'पूर्वीची शाळा' असा रकाना असतो. आपल्याकडे नववीत बाहेरून मुलं यायची, बरीचशी टेकडीवरच्या शाळेतून. आमच्या कॉम्प्युटरात ते सापडत नाही. मुलाने शाळा बदलली की त्याला नवा नंबर मिळतो, आणि जुन्या शाळेच्या तक्त्यात त्याच्यापुढे मार्कांची जागा नुसती मोकळी राहते. ते मूल गेलं कुठे, हे फक्त तुझ्या रजिस्टरात आहे.

आपल्या शाळेच्या नावापुढे तेव्हा तो शेरा पडला होता, त्याचंही काही करता येईल का बघतेय. पण ते सावकाश लिहीन. आधी रजिस्टरं पाठव. पार्सलचा खर्च माझा.

गुडघ्याला तेल लावत जा. लावत नाहीस हे मला माहीत आहे.

तुझी,
खडू


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल ऑफिसातून घरी आल्यावर वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा वाचलं. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ताई येतेय. ते म्हणाले, मग रडायला काय झालं?

तू लिहिलंस की रजिस्टरं पोस्टाच्या भरवशावर सोडणार नाहीस, गुरुवारी सकाळच्या गाडीने स्वतः घेऊन येणार. धाकटी बहीण शाळांसाठी भांडतेय हे शेजारच्या शिंपीणबाईंना दोनदा सांगून झालं, त्यांनी तिसऱ्यांदा ऐकायला नकार दिला. इथपर्यंत मी हसत होते. मग पुढचं वाचलं. 'शाळा गेली त्याचं दुःख आहेच, पण ते मी गिळलं. आपल्या शाळेपुढे "पटनोंदी अविश्वसनीय" असं ज्याने लिहिलं, तो माणूस त्या बैठकीत असेल तर मला नुसता दाखव. मी भांडणार नाही. त्याच्यापुढे रजिस्टर उघडून ठेवीन आणि म्हणेन, वाच.'

तिकीट काढायच्या आधी हे पत्र पुरं वाच. तो माणूस मी आहे.

एकदा लिहिलं, आता पुढचं सरळ लिहिते. चार वर्षांपूर्वीची यादी मी केली. मी नवीन होते, साहेबांना पंधरा दिवसांत यादी हवी होती, आणि मला हुशारी दाखवायची होती. मार्कांची जागा मोकळी असलेल्या नोंदी मी 'अपूर्ण' म्हणून काढून टाकल्या. आमच्याकडे याला तक्ता स्वच्छ करणं म्हणतात. टेकडीवरच्या शाळेत आठवीला चौसष्ट मुलं होती आणि दहावीच्या परीक्षेला बसली एकेचाळीस. मधली तेवीस मी एका फटक्यात पुसली. उरलेल्या एकेचाळिसांची सरासरी छान आली आणि शाळा यादीत पहिली आली. त्या तेवीस जणांचं काय झालं, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

तुझ्या शाळेचं उलटं होतं. आठवीत अडतीस आणि दहावीला बावन्न. मधे शाळा सोडणाऱ्या मुलांना आम्ही गळती म्हणतो. तुझ्याकडे गळती उणे चौदा निघाली. कॉम्प्युटरने ओळ लाल करून दाखवली. मी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला म्हटलं, "ही शाळा बघा, गळायच्या ऐवजी पोरं उगवतायत." आम्ही दोघंही हसलो. ताई, ती तुझी शाळा आहे हे मला माहीत होतं. तुला एक फोन केला असता तर तू दोन मिनिटांत सांगितलं असतंस की टेकडीवाले आठवी झालेल्या कच्च्या मुलांच्या हातात दाखला देतात आणि तू त्यांना नववीत घेतेस, म्हणून तुझा पट वाढतो आणि सरासरी उतरते. पण बहिणीच्या शाळेला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या भीतीने मी फोन केला नाही. शेऱ्याच्या रकान्यात ते दोन शब्द लिहिले आणि पुढच्या शाळेकडे वळले.

नंतर तू फोन केलास. तुझा आवाज बसलेला होता. "अगं, तुमच्याच खात्यातून आलंय ना हे? कोणी लिहिलं असेल?" मी म्हणाले, "वरच्या समितीने. आमच्या हातात काही नसतं." त्यानंतर तुझ्याशी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलायची माझी हिंमतच झाली नाही. सुट्ट्यांत निघणारी कामं मीच काढत होते.

यंदाच्या तक्त्यात पुन्हा एका शाळेची ओळ लाल झाली. उणे नऊ. या वेळी मी हसले नाही. बसने त्या शाळेत गेले. तिथल्या बाई तुझ्यासारख्याच, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. मी विचारलं, ही नऊ मुलं कुठून आली? त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांनी नको म्हटलेली आहेत. मी पण नको म्हटलं तर जातील कुठं ती?" परतीच्या बसमध्ये मला बाबा गेले ते वर्ष आठवलं.

मी आठवीत होते. चार महिने शाळेत गेले नाही, आईजवळ बसून काजं करत राहिले. तू कॉलेज सांभाळून शिकवण्या घेत होतीस. तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा तुला कपाटात ते जुनं रजिस्टर सापडलं आणि तू मला मुद्दाम बोलावून दाखवलंस. चारही महिने माझ्या नावापुढे मोठ्या बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वडील गेले. येईल.' तेव्हा आपण दोघी त्या पानावर वाकून किती वेळ उभ्या होतो. तुझा हात माझ्या पाठीवर होता. आणि दोनच वर्षांनी मी असल्याच तेवीस मुलांना पुसून टाकलं. ताई, मला स्वतःची शरम वाटते. तुझ्या दुःखापुढे माझ्या शरमेचं काय मोठंसं, तरीही लिहिते.

परवा साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "बाई, जुन्या यादीवर तुमचं नाव कुठेच नाही. कशाला अंगावर ओढून घेता? शाखेने सुधारित पद्धत सुचवली म्हणा, काम होऊन जाईल." खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. अकरा शाळा तशाही वाचल्या असत्या आणि माझी जागाही. तू कौतुकाने माझ्याशेजारी बसली असतीस. पण मग जुनी यादी बरोबरच होती असं ठरतं, आणि तुझ्या शाळेपुढचे ते दोन शब्द कागदावर कायमचे राहतात. शाळा काही परत येणार नाही. शेरा खोडायचा तर ज्याने लिहिला त्याला आपल्या सहीने चूक कबूल करावी लागते. तो अर्ज मी आज सकाळी दिला. नक्कल सोबत जोडली आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'मुख्याध्यापिकेच्या नोंदी खऱ्या होत्या. मी विचारलं नाही.' याचं पुढे काय होईल ते माहीत नाही. बदली होईल, नाहीतर चौकशी. ह्यांना सांगितलंय. ते म्हणाले, "ताईंना आधी कळव."

गुरुवारी अकरा वाजता हेच सगळं मी उभी राहून सांगणार आहे. टेकडीवरच्या तेवीस मुलांपैकी किती तुझ्याकडे आली, ते दाखवायला मात्र तुझी रजिस्टरं लागतील. माझ्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा?

तू ये, असं म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. नाही आलीस तर शिंपीणबाईंची मुलगी इथे कॉलेजला येते, तिच्याबरोबर रजिस्टरं पाठव. त्या अकरा शाळांनी तुझं काही वाईट केलेलं नाही. आणि आलीस, तर मी लांब टेबलाच्या डाव्या टोकाला बसलेली असेन. दुसऱ्या कुणाला विचारू नकोस. रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेव आणि म्हण, वाच. मी एकेक नाव वाचीन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तो शेरा लिहिणारी,
तुझी धाकटी बहीण