कुंकवाच्या दिवशी पिवळे पडलेले डोळे

गारखेडा, औरंगाबाद
ता. ११ मार्च १९८४, रविवार (जेवण झाल्यावर)

तीर्थरूप सोनाजीमामांच्या पायांवर भाचा बद्रीनाथ डोके ठेवतो. इकडे आई व मी ठीक आहोत. तिकडे आपली प्रकृती, मामींचा गुडघा आणि कपिला गाय कशी आहे ते कळवावे. (गाईला शेवटी लिहिले ते केवळ वयाने लहान म्हणून.)

गेल्या महिन्यात कुंकवाच्या कार्यक्रमात आपण चारचौघांसमोर माझी पापणी ओढून पाहिलीत आणि तबक आत पाठवून दिलेत, त्याचा मला राग नाही. दोन वर्षांत माझी कावीळ पाच वेळा उलटली. वैजापूर तालुक्यात काविळीची माळ घ्यायला लोक आपल्याकडेच येतात, तेव्हा आपल्याहून जास्त कोणाला कळणार? "बदऱ्या, भाचा म्हणून माळ घालीन, जावई म्हणून नाय," हे आपले वाक्य मी तारखेसह वहीत उतरवून घेतले आहे. आपली लेक द्वारका दाराआड उभी होती, म्हणून मी मान खाली घातली.

आता माळेविषयी. माळ डोक्यावर घालायची आणि कावीळ उतरेल तशी ती वाढत गळ्यात, मग छातीवर येते, हे मी पाच वेळा अंगावर पाहिले आहे. पथ्यही मोडले नाही. आपण सात दिवस ताक आणि अळणी भाकर सांगायचात. मी काळजीपोटी भाकरही सोडायचो. माळ खाली यायची आणि डोळे मात्र लिंबासारखे होते ते हळदीसारखे व्हायचे. आठव्या दिवशी पथ्य सुटले की आई पुरणपोळ्या खाऊ घालायची (चार, क्वचित सहा) आणि नवव्या दिवशी डोळे स्वच्छ. मग मी आपल्याला नारळ आणून द्यायचो. पुरणपोळीला नारळ देण्याचे कधी सुचले नाही.

सोयरीक मोडल्यावर लिव्हर संपले असे समजून मी इथल्या सरकारी दवाखान्यात भरती झालो. मोठ्या डॉक्टरांनी दारूचे विचारले. मी म्हणालो की शपथेवर लिहून देतो; ते म्हणाले, नको. मग शिकाऊ डॉक्टरांना बोलावून, ही वेगळी केस आहे, ओळखा, असे सांगितले. अठरा जणांनी ओळीने माझे पोट दाबले, सगळ्यांचे हात गार. एकाने तर माझ्या कानाशी येऊन उत्तर विचारले. मी मला वाटत होते ते, म्हणजे कॅन्सर, सांगितले. त्याने तेच मोठ्याने सांगितले आणि बोलणी खाल्ली. त्याच्याइतकाच मीही नाखूश झालो, कारण नुसते 'चूक' म्हटल्याने माझी खात्री पटत नव्हती.

शेवटी उपयोगी पडली माझी वही. रोज सकाळी आरशात डोळे पाहून मी रंग लिहितो (हळद, लिंबू, साय) आणि शेजारी उपास असेल तर तोही. डॉक्टरांनी पाने चाळली. एकादशी, हळद. सोमवार, लिंबू. जेवण, साय. मग त्यांनी मला मुद्दाम उपाशी ठेवून रक्त काढले, नंतर पोटभर खिचडी देऊन पुन्हा काढले, आणि म्हणाले की लिव्हर उत्तम आहे, फक्त पिवळेपणा निचरायला जन्मतःच सुस्त आहे. उपाशी राहिले की तो डोळ्यांत उतरतो. आयुष्याला धोका नाही आणि औषधही नाही. "जेवत जा, एवढंच," असे ते म्हणाले. मी ते शिक्क्यासह लिहून घेतले. नक्कल सोबत जोडली आहे.

कुंकवाच्या आदल्या दिवशी सगळे नीट पार पडावे म्हणून मी खंडोबाचा उपास धरला होता. खुद्द कुंकवाच्या दिवशी घरच्या रीतीप्रमाणे कुंकू लागेपर्यंत पाणीही नाही, आणि पाहुणे जमले तीन वाजता. पुढचे आपण पाहिलेच. तरी आपण वडीलधारे आहात, जे ठरवाल ते मान्य. मामींना दंडवत.

आपला आज्ञाधारक भाचा,
बद्रीनाथ

ता. क. जे ठरवाल ते मान्य म्हणजे चैत्रातला जो मुहूर्त ठरवाल तो मान्य. फक्त त्या दिवशी कुंकवाआधी मला दोन भाकरी खाऊ द्याव्यात.

ता. क. दुसरा. हे घराण्यातून येते, आईच्या माहेरी कोणाला आहे का, असे डॉक्टरांनी विचारले. आपण दर रविवारी माळा देताना दिवसभर निरंकार उपास करता आणि संध्याकाळी आपले डोळे पिवळे होतात. मामा दुसऱ्याची कावीळ स्वतःवर घेतात असे लोक हात जोडून सांगतात. मी डॉक्टरांना 'माहीत नाही' म्हणालो. वहीत मात्र लिहिले आहे. वही घरातली आहे, घरातच राहावी अशी माझी इच्छा आहे. पुढे आपले आणि माझे घर एकच झाले तर प्रश्नच नाही.

ता. क. तिसरा. खरे लपवणे मला जमत नाही. तबक आत गेल्यावर द्वारकाने दाराआडून माझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला होता. म्हणाली, "आधी खावा. आमच्या अण्णांचंबी असंच हाय, सोमवारी जेवले की डोळं पांढरं." हे मी वहीत लिहिले नाही, कारण तेव्हा मला ते शास्त्रीय वाटले नव्हते.